घाटातला बेगोनिया कुंडीत का टिकत नाही? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गगनबावडा परिसरातील पावसाळी फुलांविषयी या सदरात लिहिल्यानंतर आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे एकाच वनस्पतीबद्दल आहेत. कातळावर वाढणारा, वीतभर उंचीचा, गुलाबी फुलांचा तो रानबेगोनिया कोल्हापूरकरांच्या मनात एवढा भरला आहे हे पाहून आनंद झाला. म्हणून या वेळचे संपूर्ण सदर त्यालाच देत आहे.

प्रश्न : ऑगस्टमध्ये गगनबावड्याहून परतताना घाटातल्या ओल्या कातळावर हा बेगोनिया दिसला. एक रोप मुळांसकट अलगद काढून आणले आणि लाल माती व शेणखत भरलेल्या कुंडीत लावले. आमची गॅलरी उत्तरेकडची आहे, तिथे ऊन येत नाही, आणि पाणी मी रोज न चुकता घालते. महिनाभर रोप छान होते. दसऱ्याच्या सुमारास पाने पिवळी पडली आणि दिवाळीत देठ बुडापासून सुटून हातात आला. माझे काय चुकले? अजूनही कुंडी टाकवत नाही, पाणी घालणे चालूच आहे. (एक वाचक भगिनी, राजारामपुरी)

उत्तर : आपले पत्र वाचल्यावर पहिली विनंती हीच की, आजपासून त्या कुंडीला पाणी घालणे पूर्ण थांबवावे. दसऱ्याला पाने पिवळी पडली ती रोगाने नव्हे आणि आपल्या हयगयीनेही नव्हे. कातळावर राहिलेल्या त्याच्या भाऊबंदांची पानेही त्याच दिवसांत पिवळी पडली असतील. आपण आणलेले रोप बेगोनिया क्रेनाटा या जातीचे असावे असे वर्णनावरून वाटते. ही कंदवर्गीय वनस्पती आहे. जमिनीवर दिसणारा तिचा सगळा पसारा, म्हणजे देठ, दोन-चार पाने आणि फुले, हा केवळ पावसाळ्यापुरता असतो. पाऊस ओसरला की पानांतला साठा कंदात उतरतो, देठ सुकून गळतो आणि उरलेले सात-आठ महिने ती वनस्पती वाटाण्याएवढ्या कंदाच्या रूपाने खडकाच्या फटीत पडून राहते. आपल्याकडे शेवळा, रानहळद आणि कळलावी यांचा जीवनक्रम असाच असतो. परसातली कळलावी हिवाळ्यात दिसेनाशी झाली तर आपण हळहळत नाही, कारण ती मृगाबरोबर पुन्हा वर येणार हे आपल्याला ठाऊक असते. बेगोनियाच्या बाबतीत मात्र आपली समजूत रोपवाटिकेतल्या बारमाही फुलणाऱ्या मेणचट पानांच्या बेगोनियावरून झालेली असते. त्याला कंद नसतो आणि त्याला विश्रांतीचा असा ठराविक काळही लागत नाही.

आता कुंडीकडे वळू. ही वनस्पती जिथे राहते ती जागा डोळ्यांसमोर आणली, तर लाल माती, शेणखत आणि रोजचे पाणी या तिन्ही गोष्टी तिला का मानवत नाहीत ते आपोआप कळते. घाटातला तो कातळ म्हणजे बहुधा जवळजवळ उभी काळ्या पाषाणाची भिंत असते. गगनबावड्याला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त पाऊस होतो, तर तिथून पन्नासेक किलोमीटरवरच्या कोल्हापूर शहरात तो हजाराच्या आसपास येतो. एवढा पाऊस अंगावर घेऊनही बेगोनियाच्या मुळाशी पाणी क्षणभरही साचत नाही, कारण कडा उभा असल्याने पाणी सतत झिरपत खाली जात असते. माती म्हणाल तर शेवाळाच्या गादीत अडकलेली बोटाच्या पेराएवढी जाड माती आणि कुजका पालापाचोळा, एवढीच. त्या शेवाळाला ओल धरता येते आणि हवाही खेळवता येते. वर झाडांची सावली आणि धुके, समोरून दरीतली ओली हवा आणि खालून अखंड झिरप अशा जागेत एवढी पातळ पाने असलेली वनस्पती बिनघोर जगते. मोकळ्या जमिनीवर मात्र तेरडा आणि गवत तिला आठवड्याभरात झाकून टाकतील. उघड्या कड्यावर दाट वाढणाऱ्या वनस्पतींना पाय रोवता येत नाही, आणि म्हणूनच ती जागा हिच्या वाट्याला येते.

मग नोव्हेंबरपासून चित्र पालटते. झिरप आटते, शेवाळ वाळून तपकिरी पापुद्र्यासारखे होते आणि मार्च-एप्रिलमध्ये तो कातळ हाताला चटका देईल इतका तापतो. या काळात फटीत दडलेल्या कंदाला कोरडेपणा चालतो, ओल मात्र चालत नाही. भारी माती, शेणखत आणि झोपलेला कंद अशा स्थितीत कुंडीला पाणी मिळत राहिले की कंद कुजतो. हे मी अनुभवाने लिहीत आहे. अनेक वर्षांपूर्वी पावसात कोसळलेल्या दरडीच्या ढिगाऱ्यातून या बेगोनियाची काही रोपे मी उचलून आणली होती. पाने पिवळी पडू लागताच मी घाबरून पाणी वाढवले आणि वर थोडे खतही दिले. डिसेंबरात कुंडी उकरली तेव्हा कंदाच्या जागी बोटाला चिकटणारा, उग्र वासाचा गोळा होता. त्याचे मला आजही वाईट वाटते, कारण ती रोपे दरडीतून वाचली होती.

तेव्हा आपण असे करावे. कुंडी दोन आठवडे सावलीत वाळू द्यावी, नंतर वर्तमानपत्रावर हलकेच उपडी करून माती बोटांनी चाळावी. कंद गोलसर, मातकट आणि लहान असतो, त्यामुळे तो खडा समजून फेकला जाण्याचा धोका आहे. नखाने दाबून न पाहता दोन बोटांत धरून पाहावे. तो टणक असेल तर जिवंत आहे. मऊ लागला किंवा त्यातून पाणी सुटले तर तो गेला असे समजावे. टणक असल्यास मातीच्या लहान, पसरट कुंडीत तळाशी विटांचे तुकडे, त्यावर जाडसर वाळू आणि चाळलेला कुजका पालापाचोळा निम्मा-निम्मा भरावा, कंद जेमतेम झाकला जाईल असा ठेवावा आणि कुंडी घरातल्या सावलीच्या, हवेशीर कोपऱ्यात मे अखेरपर्यंत कोरडी ठेवावी. उंदीर-घुशींची भीती असेल तर वर जाळी बांधावी. वळवाच्या पावसात कुंडी बाहेर काढण्याचा मोह टाळावा, कारण त्यानंतर पुन्हा कडक ऊन पडते. मोसमी पाऊस लागल्यावरच पाणी सुरू करावे आणि तेही तुषारांचे. कोंब यायला काही आठवडे लागतात.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगतो. कृपा करून पुन्हा कातळावरचे रोप काढू नये. एक रोप निघते तेव्हा त्याच्याबरोबर शेवाळाची वीतभर गादीही सुटून येते. ती तयार व्हायला अनेक पावसाळे जावे लागलेले असतात, आणि त्या गादीत आणखी किती कंद नि बिया असतात ते आपल्याला दिसत नाही. राधानगरी अभयारण्याच्या हद्दीत तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे वनस्पती काढून आणणे हा गुन्हा आहे. आपण रोप प्रेमानेच आणलेत याबद्दल मला शंका नाही, म्हणूनच हे स्पष्ट लिहिले.

प्रश्न : क्षेत्रभेटीत विद्यार्थिनींनी दोन गोष्टी विचारल्या. या बेगोनियाचे पान मधल्या शिरेच्या एका बाजूला मोठे आणि दुसऱ्या बाजूला लहान का असते? आणि एकाच रोपावर दोन प्रकारची फुले कशी? (एक शिक्षिका, गारगोटी)

उत्तर : आपल्या विद्यार्थिनींनी बेगोनिया ओळखण्याच्या दोन्ही मुख्य खुणा स्वतःच शोधून काढल्या, त्याबद्दल त्यांचे कौतुक करावे. असमान पान ही या संपूर्ण गटाची ओळख आहे. जगात बेगोनियाच्या दोन हजारांहून अधिक जाती आहेत आणि सपुष्प वनस्पतींच्या सर्वांत मोठ्या प्रजातींमध्ये त्याची गणना होते. त्यांपैकी बहुतेकांचे पान असेच तिरपे असते, जणू हृदयाचा आकार एका बाजूने ओढून धरला आहे. क्रेनाटा या नावाचा अर्थ मात्र पानाच्या कडेशी जोडलेला आहे. या पानाच्या कडेला गोलसर दाते असतात, त्यावरून ते नाव पडले. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ योनास ड्रायांडर यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस या जातीचे शास्त्रीय वर्णन केले. बेगोनिया हे नाव त्याहून जुने आहे. कॅरिबियन बेटांवर वनस्पती गोळा करणाऱ्या शार्ल प्ल्युमिए या फ्रेंच धर्मोपदेशकाने आपले आश्रयदाते मिशेल बेगाँ यांच्या सन्मानार्थ ते ठेवले आणि पुढे लिनियसने ते कायम केले.

फुलांचे उत्तर अधिक रंजक आहे आणि ते शाळेतल्या साध्या भिंगाने दाखवता येते. एकाच रोपावर नरफुले आणि मादीफुले वेगवेगळी असतात. नरफूल चपटे दिसते. त्याला दोन मोठ्या, गोलसर पाकळ्या समोरासमोर आणि दोन लहान पाकळ्या त्यांच्यामध्ये आडव्या असतात, आणि मधोमध पिवळ्या पुंकेसरांचा झुबका असतो. (शास्त्राच्या दृष्टीने पाकळ्या हा शब्द इथे काटेकोर नाही, पण वर्गात तो चालेल.) मादीफूल ओळखायचे तर ते उलटे करून पाहावे. पाकळ्यांच्या मागे, देठाच्या टोकाला हिरवट-गुलाबी रंगाचा तीन पंखांचा अंडाशय दिसतो. एक पंख इतर दोघांपेक्षा स्पष्टपणे मोठा असतो. नरफुलाच्या मागे असे काहीही नसते.

आता समोरून पुन्हा पाहावे. मादीफुलाच्या मध्यभागी पिवळ्या, पिळदार कुक्षी असतात आणि त्या पुंकेसरांच्या झुबक्यासारख्याच दिसतात. यामागे कारण आहे. बेगोनियाच्या फुलात सहसा मध नसतो. लहान मधमाश्या येतात त्या नरफुलातल्या परागासाठी. मादीफुलाकडे देण्यासारखे काहीच नसते, म्हणून ते नरफुलासारखे दिसून मधमाशीला फसवते. मधमाशी पराग शोधत कुक्षीवर उतरते, काही मिळत नाही म्हणून उडून जाते, पण तेवढ्यात तिच्या अंगावरचे पराग कुक्षीला लागलेले असतात. हा डाव चालायचा तर नरफुले संख्येने भरपूर हवीत, नाहीतर मधमाश्या फसवणूक ओळखून येणेच बंद करतील. आपल्या विद्यार्थिनींना पुढच्या पावसाळ्यात एका कातळावरची नरफुले आणि मादीफुले मोजायला सांगावीत. फूल न तोडता, नुसते बोटाने किंचित वळवून हे करता येते.

प्रश्न : ऑनलाइन मागवलेल्या पाकिटावर गुलाबाएवढ्या भरगच्च फुलांचा ‘ट्युबरस बेगोनिया’ होता. दोन वर्षे कंद लावले. कोंब आले, पाने आली, कळ्या मात्र गळून गेल्या. आपल्या घाटात कंदाचा बेगोनिया आपोआप वाढतो, मग माझ्या गच्चीत का नाही? (एक वाचक, शाहूपुरी)

उत्तर : दोन्हींना कंद असला तरी त्यांची मायभूमी वेगळी आहे. आपल्या पाकिटातला बेगोनिया हा संकर आहे आणि त्याचे पूर्वज दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतरांगांत, मुख्यतः बोलिव्हिया आणि पेरू या देशांत, खडकाळ उतारांवर आणि दऱ्यांच्या काठांवर वाढतात. १८६० च्या दशकात रिचर्ड पिअर्स या संग्राहकाने इंग्लंडच्या व्हीच रोपवाटिकेसाठी त्यांतल्या काही जाती पाठवल्या आणि तिथल्या जॉन सेडन यांनी १८७० च्या सुमारास पहिला संकर बाजारात आणला. बेगोनिया बोलिव्हिएन्सिस ही त्यांतली एक मूळ जाती. तिची फुले शेंदरी आणि लोंबती असतात, आणि आज टांगत्या कुंड्यांत दिसणाऱ्या अनेक वाणांत तिचा अंश आहे.

अँडीजचे हे उतार उष्ण कटिबंधात मोडत असले तरी ते उंचावर आहेत, त्यामुळे तिथे दिवस सौम्य आणि रात्री गार असतात. कोल्हापुरात अडचण दुहेरी आहे. या संकरांना फुलण्यासाठी मोठा दिवस लागतो. दिवस लहान झाला की ते फुलणे थांबवून कंद भरायला लागतात. आपल्याकडे हवा गार असते डिसेंबर-जानेवारीत, पण तेव्हा दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो. दिवस तेरा तासांच्या जवळ जातो मे-जूनमध्ये, पण मेमध्ये उकाडा असतो आणि जूननंतर गच्चीत धो-धो पाऊस. म्हणजे गारवा आणि मोठा दिवस या दोन गोष्टी इथे एका वेळी मिळतच नाहीत. आपली निगा कमी पडलेली नाही. गच्ची वर्षभर फुललेली हवी असेल तर मेणचट पानांचा बारमाही बेगोनिया लावावा आणि पानांची हौस असेल तर रेक्स बेगोनिया सावलीत ठेवावा. रेक्सची मूळ जाती आपल्या ईशान्य भारतातली आहे. तिला कंदाऐवजी आडवे, जाड खोड असते आणि ते पूर्ण कोरडे पडलेले तिला सोसत नाही.

प्रश्न : लहानपणी आम्ही आजऱ्याच्या रानात या पानांचे देठ चघळायचो, आंबट लागायचे. ही आंबुशीच्या कुळातली वनस्पती आहे का? खाल्ली तर चालते का? (एक निवृत्त कर्मचारी, आजरा)

उत्तर : दोघींचे कूळ वेगळे आहे, आंबटपणाचे कारण मात्र एकच आहे. दोन्हींत ऑक्झॅलिक आम्ल आणि त्याचे क्षार असतात. ईशान्य भारतात काही बेगोनिया भाजी-चटणीत वापरले जातात, तरीही एका जातीवरून दुसरीचा भरवसा धरू नये. मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी तर ऑक्झॅलेट असलेल्या अशा वनस्पती टाळाव्यातच. लहानपणी चघळलेल्या देठाने आपले काही बिघडले नाही, पण नातवंडांना ही चव दाखवायची असेल तर अंगणातली आंबुशी पुरेशी आहे. तिची संख्या भरपूर आहे, बेगोनियाची नाही.

प्रश्न : रोप उपटायचे नाही हे पटते. मग घरी हा बेगोनिया वाढवण्याचा काही मार्ग आहे का? (एक वाचक, निपाणी)

उत्तर : मार्ग बियांचा आहे, पण बी कुठून घ्यायचे याचा विचार आधी करावा लागतो. अभयारण्य आणि राखीव वन यांतून बीसुद्धा आणू नये. ज्यांच्या खासगी मालकीच्या बांधावर, विहिरीच्या दगडी भिंतीवर किंवा घराच्या जोत्यावर हा बेगोनिया उगवतो अशी कुटुंबे घाटमाथ्यावर आहेत. त्यांच्या परवानगीने एखादे सुकत आलेले बोंड मिळाले तर तेवढे पुरते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बोंड तपकिरी झाले की ते कागदाच्या पाकिटात अलगद ठेवावे. प्लॅस्टिकच्या पिशवीत ते घाम येऊन बुरसते. दोन दिवसांनी पाकीट टिचकीने हलवले की तळाशी तपकिरी धूळ जमलेली दिसते. ती धूळ म्हणजेच बी. एका बोंडात ती इतकी असते की मोजणे अशक्यच, आणि निसर्गात वारा व पावसाचे थेंब तिला कड्यावरच्या दुसऱ्या फटीत नेऊन सोडतात.

बी कोरडे ठेवून जूनमध्ये पेरावे. पेरावे म्हणण्यापेक्षा शिंपडावे म्हणणे योग्य, कारण या बियांना रुजताना उजेड लागतो आणि वर मातीचा थर पडला तर त्या रुजत नाहीत. मला सर्वांत चांगला अनुभव आला तो सच्छिद्र विटेच्या तुकड्यावर. भाजलेल्या विटेचा तुकडा दोन बोटे पाण्यात उभा करून पसरट भांड्यात ठेवावा, त्याच्या वरच्या ओलसर भागावर परसातले थोडे शेवाळ चुरून लावावे आणि त्यावर बी भुरभुरावे. वीट खालून पाणी ओढत राहते, वर पाणी साचत नाही, आणि थोड्या प्रमाणात घाटातल्या कातळाचीच रचना तयार होते. पाण्यात डासांच्या अळ्या होऊ नयेत म्हणून ते दर तीन-चार दिवसांनी बदलावे. पहिल्या पावसाळ्यात मोहरीएवढी दोन-चार पाने येतील आणि फुले येणार नाहीत. ऑक्टोबरात ती पाने गेली तरी वीट टाकू नये. ती सावलीत कोरडी ठेवावी. माझ्याकडे अशा विटेवर दुसऱ्या पावसाळ्यात एका रोपाला फूल आले होते. ते फूल नर होते.

प्रश्न : हा बेगोनिया पाहायला कधी आणि कुठे जावे? (अनेक वाचक)

उत्तर : जुलैच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. गगनबावड्याच्या खाली उतरणारे करूळ आणि भुईबावडा हे दोन्ही घाट, राधानगरी-दाजीपूर रस्ता आणि आंबा घाट इथल्या झिरपत्या, सावलीतल्या दगडी भिंती पाहाव्यात. शेवाळ लागलेल्या जुन्या झाडांच्या बुंध्यावरही तो कधीकधी आढळतो. उन्हात उघड्या पडलेल्या सड्यावर शोधू नये. तिथली फुले वेगळी. घाटातील वळणावर गाडी थांबवू नये आणि दरड पडण्याच्या दिवसांत कड्याच्या अगदी खाली उभे राहू नये. अभयारण्यात जायचे असल्यास प्रवेश त्या दिवसांत चालू आहे का ते वनखात्याकडे आधी विचारावे. जवळ एक भिंग आणि ते पुसायला प्लॅस्टिकच्या पिशवीत वेगळा ठेवलेला कोरडा रुमाल असावा. धुक्यात काच क्षणात धूसर होते आणि ओल्या सदऱ्याने पुसून ती साफ होत नाही.